शेपटाचं अक्षर

जानेवारीत आलेल्या एका पत्राला मी अकरा महिने उत्तर दिलं नाही. पत्र हरवलं असतं तर बरं झालं असतं. हरवलेल्या पत्राबद्दल माणूस चार दिवस हळहळतो आणि मोकळा होतो. हे पत्र मात्र माझ्या टेबलावर, चष्म्याच्या डबीखाली होतं. चष्मा घ्यायला डबी उचलली की ते दिसायचं, आणि चष्मा हातातच असल्यामुळे 'वाचता येत नाही' म्हणायचीही सोय नव्हती.

पत्र माझ्या जुन्या सहकाऱ्याचं होतं. एका मोठ्या ग्रंथालयाच्या तळघरात आम्ही दोघं समोरासमोरच्या टेबलांवर एकोणीस वर्षं पुस्तकांची कार्डं लिहीत होतो. डोक्यावर वाचनकक्ष, म्हणून खाली बोलायला बंदी. मग आम्ही कार्डांवरच बोलायचो. 'चहा?' असं कार्ड तो माझ्या खणात सरकवायचा आणि मी त्याखाली 'पाहा: आत्ताच झाला' असं लिहून परत पाठवायचो. माझ्यासारख्या बुजऱ्या माणसाला हा स्वर्ग होता. आयुष्यात मी सगळ्यात जास्त गप्पा त्याच्याशीच मारल्या असतील, आणि त्याचा आवाज कसा होता हे मला आज नीट आठवत नाही.

त्याला सगळे शेपूटकर म्हणायचे. हे त्याचं आडनाव नव्हे, ही त्याची कीर्ती. प्रत्येक पुस्तकाच्या क्रमांकापुढे तो एक बारीकसं अक्षर लिहायचा आणि त्या प्रतीत काय नाही ते त्या अक्षरावरून कळायचं. 'न' म्हणजे नकाशे नाहीत. 'चि' म्हणजे चित्रं नाहीत. 'शे' म्हणजे शेवटचं पान गेलेलं; रहस्यकथांच्या खणात हे अक्षर फार. मला ही शेपटं अजिबात आवडायची नाहीत. क्रमांक कसा ताठ, स्वच्छ दिसावा. वाचकाला पुस्तक हवं असतं, पुस्तकाची व्यंगं चारचौघांत कशाला सांगायची, असं माझं मत होतं. तर एका उन्हाळ्यात भूगोलाचा अख्खा खण मी माझ्या सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून काढला आणि सगळी शेपटं गाळली.

मग एक अभ्यासक बाई दीड दिवसाचा प्रवास करून आल्या, नकाशांसाठी. पुस्तक निघालं. नकाशे नव्हते. मुख्य ग्रंथपाल स्वतः तळघरात उतरले. त्यांनी विचारलं, "हे कार्ड कोणी लिहिलं?" मी बुटांच्या नाड्यांकडे पाहत राहिलो. दोन्ही गाठी उत्तम बसल्या होत्या. शेपूटकर म्हणाला, "माझ्याकडून राहिलं असेल, साहेब."

दोन महिन्यांत त्याची बदली दूरच्या शाखेत झाली. तो जाताना मी त्याच्या खणात एक कार्ड टाकलं. त्यावर 'शुभेच्छा' लिहिलं होतं.

यालाही आता सव्वीस वर्षं झाली. आणि जानेवारीत त्याचं पत्र आलं: 'वर्षअखेरीस हे घर सोडून मुलीकडे राहायला जातोय. तिचं घर लहान, पुस्तकं नेता येणार नाहीत. तुझ्या कोशाचे तीन खंड, चौथा ते सहावा, माझ्याकडेच राहिलेत. पाठवू की रद्दीवाल्याला आशीर्वाद देऊ? आणि अरे, एक विचारायचं राहून गेलं. शेपटाबद्दल तुझं मत अजून तेच आहे का?'

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कोणीही देईल. दुसऱ्यापाशी माझं पेन अडकायचं. 'प्रिय' लिहायचो, खोडायचो. 'सप्रेम' लिहायचो, तेही खोडायचो. कागदाची रणभूमी व्हायची. दोन महिने झाले, मग उशिराबद्दल क्षमा मागणं आलं. पाच महिने झाले, तेव्हा क्षमा एवढी लांबली की पत्राला जागाच उरेना.

माझी मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, सरळ फोन करा ना त्यांना."

"फोनवर गप्प बसलं की समोरच्याला ऐकू येतं गं."

"मग कॉम्प्युटरवर लिहा. खोडलेलं कोणाला दिसत नाही."

हे वाक्य माझ्या मनात घर करून बसलं. खोडलेलं कोणाला दिसत नाही! चौऱ्याहत्तर वर्षं मी अशाच एखाद्या यंत्राच्या शोधात होतो.

तयार कॉम्प्युटर माझ्या पेन्शनीला झेपणारा नव्हता. पण सुटे भाग आणून घरीच जोडला तर स्वस्तात पडतो, असं मी एका पुस्तकात वाचलं. माझं हे एक जुनं दुखणं आहे. पुस्तकात वाचलेली गोष्ट मला येते असं मला वाटतं. पोहण्याबद्दलही मला असंच वाटलं होतं. तो विषय आमच्या घरी काढत नाहीत.

या बाबतीतले जाणकार म्हणतात, आधी प्रोसेसर निवडावा, म्हणजे यंत्राचा मेंदू. मग त्याला चालेल असा मदरबोर्ड. डबा, म्हणजे कॅबिनेट, सगळ्यात शेवटी. मी कॅबिनेट आधी घेतला. त्याला कारण होतं. कोशाचे तीन खंड गेल्यापासून कपाटात तिसऱ्या आणि सातव्या खंडाच्या मध्ये एक खिंडार होतं. सव्वीस वर्षं मी ते बुजवलं नव्हतं. बायकोने तिथे फुलदाणी ठेवली की मी ती हळूच काढायचो. कॉम्प्युटर तिथे बसवायचा असं मी ठरवलं. टेपने जागा मोजली आणि त्या मापाचा अरुंद, चपटा डबा घेतला. तो खिंडारात चपखल बसला. पुढून मात्र वीतभर बाहेर आला, आणि पहिल्याच दिवशी बायकोच्या कोपराला लागला.

"अहो, हा आत काय करणार आहे?"

"पत्र लिहिणार आहे."

"आणि तुम्ही?"

मी टेप गुंडाळून खणात ठेवली.

मग मी कार्डं केली. प्रत्येक भागाला एक कार्ड: नाव, क्रमांक, कुठे जुळतो, कुठे जुळत नाही. 'मदरबोर्ड, पाहा: प्रोसेसर.' 'प्रोसेसर, पाहा: पॉवर सप्लाय.' 'पॉवर सप्लाय, पाहा: कॅबिनेट.' 'कॅबिनेट, पाहा: कपाट.' तीन आठवड्यांत एक चपलांचा खोका भरला. इतकं सुख मला निवृत्तीनंतर मिळालं नव्हतं. खरं सांगायचं तर विकत काही घ्यायचंच नसतं, तर मी अजूनही सुखात असतो.

पण आपण काही करतोय हे शेजाऱ्यांना वासाने कळतं. वरच्या मजल्यावर एक निवृत्त अभियंते राहतात. त्यांनी उभं आयुष्य पाण्याच्या पंपांत घालवलं, त्यामुळे जगातलं प्रत्येक यंत्र त्यांना पंपच वाटतं. ते जिन्यात म्हणाले, "पॉवर सप्लाय दुप्पट क्षमतेचा घ्या. पंप नेहमी मोठा घ्यावा."

समोरच्या दारातल्या वहिनी म्हणाल्या, "काका, रंगीत दिव्यांचे पंखे घ्या हो. माझ्या भावाकडे आहेत. लग्नाघरासारखं वाटतं."

"पण वहिनी, मला फक्त एक पत्र लिहायचंय."

"मग तर हवेतच! एकटं वाटणार नाही."

नाही म्हणणं मला आयुष्यात जमलेलं नाही. त्यामुळे एका पत्रापुरत्या त्या यंत्रात अख्खी इमारत उजळवील एवढा पॉवर सप्लाय आला आणि जांभळ्या दिव्याचा एक पंखा आला. ही जास्तीची चैन भागवायला प्रोसेसर जरा स्वस्तातला बघणं भाग होतं. बघितला. दोन प्रोसेसर होते, क्रमांक तोच, कामगिरी तीच. एकाच्या क्रमांकापुढे 'एफ' हे अक्षर होतं आणि तो बराच स्वस्त होता. मी कार्डावर क्रमांक लिहिला. ताठ, स्वच्छ. अक्षर गाळलं.

आता वाचकांना पुढचं कळलं असेल. मला कळायला आणखी दीड महिना लागला.

खोकी येऊ लागली तसे इमारतीचे सेक्रेटरी आले. त्यांच्या हातात नियमावली होती. नियम एकोणीस: सदनिकेत यंत्रांची जुळणी करू नये.

"अहो, तो नियम कारखान्यांसाठी आहे," बायको म्हणाली.

"वहिनी, नियमात 'कारखाना' शब्द नाही. 'यंत्र' आहे. परवानगीचा अर्ज भरून द्या, बैठकीत ठेवतो."

अर्ज चार पानी होता. 'कामगारांची संख्या' यापुढे मी 'एक, वयस्कर' लिहिलं. 'होणारा आवाज' यापुढे बराच विचार करून 'सुस्कारे' लिहिलं. 'यंत्राचा हेतू' यापुढे लिहिलं, 'एका पत्राला उत्तर देणे'. सेक्रेटरी हे वाचून चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाले, "काका, एवढं मोठं पत्र आलंय?"

बैठक तीन आठवड्यांनी झाली. तिथे सगळा वेळ पार्किंगवर भांडणात गेला आणि माझा अर्ज न वाचताच मंजूर झाला. तोवर नोव्हेंबर उजाडला होता. शेपूटकर आता घर आवरायला लागला असेल. चौथा ते सहावा खंड कुठल्या ढिगात पडले असतील, हा विचार मला दात घासतानाही यायचा.

डबा खिंडारातून काढून जोडणी जेवणाच्या टेबलावर सुरू केली. अंगातल्या विजेने नाजूक भाग जळतात, म्हणून मधूनमधून लोखंडाला हात लावावा, असं पुस्तकात होतं. मी जोखीम घेतली नाही. डाव्या हाताने खिडकीचा गज घट्ट धरला आणि उजव्या हाताने काम चालवलं. अर्ध्या तासाने बायको म्हणाली, "अहो, पळून जायचा विचार असेल तर दार उघडं आहे."

प्रोसेसर थंड राहावा म्हणून त्यावर लावायच्या लेपावरून अभियंते आणि वहिनी यांच्यात जुंपली. अभियंते म्हणाले मोहरीएवढा, वहिनींचा भाऊ फोनवरून म्हणाला वाटाण्याएवढा. मी दोघांचाही मान राखला आणि दोन्ही लावले. मदरबोर्डाचे नऊ स्क्रू आवळून झाल्यावर टेबलावर पत्र्याची एक चौकोनी पट्टी उरली. ती सगळ्यात आधी बसवायची असते. नऊ स्क्रू काढले, पट्टी बसवली, स्क्रू आवळले, आठच भरले. नववा आतून खुळखुळत होता. डबा उलटा करून हलवला तेव्हा नववा पडला आणि त्याच्यासोबत पाचवाही.

पाचव्या दिवशी डबा पुन्हा खिंडारात बसवला आणि दुपारी सगळे जमले. सेक्रेटरीही आले, पाहणीसाठी. मी बटण दाबलं. पंखा फिरला. जांभळा उजेड पडला. वहिनींनी टाळ्या वाजवल्या. मॉनिटरचा पडदा काळा.

आम्ही थांबलो. पडदा काळाच राहिला.

"गरम व्हायला वेळ लागतो," अभियंते म्हणाले. "पंपात हवा अडकली असेल."

"वायर उलटी लागली असेल," सेक्रेटरी म्हणाले.

"पण पंखा किती छान फिरतोय!" असं वहिनी म्हणाल्या. अपयशी माणसाबद्दल नातेवाईक 'स्वभावाने चांगला आहे हो' म्हणतात, तोच हा सूर.

सगळे चहा पिऊन गेले. मी आठ दिवस तो काळा पडदा पाहिला. त्यात माझं तोंड तेवढं दिसायचं आणि त्यासाठी घरात आरसा होता. शेवटी बायकोने प्रोसेसरचं रिकामं खोकं उचललं, डोळ्यांपासून लांब धरलं आणि विचारलं, "हे क्रमांकापुढे काय आहे?"

"काही नाही. शेपूट आहे ते."

"पण ते का आहे?"

मी पुस्तक उघडलं. पान एकशे बारा, तळटीप. क्रमांकापुढे हे अक्षर असलेल्या प्रोसेसरमध्ये पडद्यावर चित्र उमटवायची सोय नसते. म्हणून तो स्वस्त मिळतो. चित्राचं वेगळं कार्ड, म्हणजे आणखी एक सुटा भाग, लावल्याशिवाय काही दिसत नाही.

म्हणजे या प्रतीत काय नाही ते त्या अक्षराने सांगितलं होतं. चित्र नाही. 'चि.' आणि ते अक्षर कार्ड लिहिताना मी गाळलं होतं, माझ्या सुवाच्य अक्षरात.

चित्राचं वेगळं कार्ड घ्यायला गेलो तर परवडणारी सगळी कार्डं माझ्या चपट्या डब्यापेक्षा उंच. तेव्हा प्रोसेसर बदलून घेणं हाच मार्ग उरला. डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. दुकानाच्या 'परतावा' लिहिलेल्या खिडकीवर मी खोकं घेऊन उभा राहिलो. मागे रांग होती. खिडकीतल्या बाई कामात तरबेज होत्या.

"आजोबा, फॉर्मवर कारण लिहा. दोन नंबरवर खूण करा, चुकीचा माल पाठवला."

"माल बरोबर पाठवला होता. मीच चुकीचा मागवला."

"ते कारण यादीत नाही."

"मग कुठे लिहू?"

"कुठेच नका लिहू. दोन नंबर करा, लगेच बदलून मिळेल. पॅकिंगवाल्याच्या नावावर जाईल."

"त्याची चूक नाही हो."

"असू दे. त्याच्या नावावर रोजच जातं," बाई शिक्का उचलत म्हणाल्या. "तो काही बोलत नाही."

खिडकीच्या मागे, उघड्या दारातून तो दिसत होता. चाळिशीचा माणूस, तोंडात चिकटपट्टीचा तुकडा, गुडघ्यात खोकं धरून पट्टी लावत होता. मी सवयीने खाली बुटांकडे पाहिलं. हल्ली माझे बूट नाड्यांचे नाहीत, चिकटणाऱ्या पट्ट्यांचे आहेत. वाकणं होत नाही म्हणून मुलीने आणून दिले. त्यांच्याकडे फार वेळ पाहण्यासारखं काही नसतं.

"आजोबा, मागे लोक उभे आहेत."

मी पेन घेतलं आणि फॉर्मच्या खाली, जिथे काही लिहू नये असं छापलं होतं तिथे लिहिलं: 'चूक माझी. शेपटाकडे लक्ष दिलं नाही.'

बाईंनी दोनदा वाचलं. "कसलं शेपूट?"

"क्रमांकाचं."

"अहो, मग परत घेता येणार नाही."

"नका घेऊ," मी म्हणालो. मला वाटलं त्यापेक्षा आवाज मोठा निघाला असावा, कारण आतल्या माणसाने मान वर करून पाहिलं. त्याच्या तोंडातली पट्टी हलली. हसला की नाही, सांगता येत नाही.

घरी आलो. बायकोने खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नाही बदलून दिला?"

"देत होते. मी नाही घेतला." काय झालं ते मी तिला सांगितलं, दुकानातलं सांगताना तळघरातलंही सांगितलं. सव्वीस वर्षांत ते मी तिला सांगितलं नव्हतं.

तिने खोकं माझ्या हातातून घेऊन टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "एवढं तोंडाने सांगता येतं, तर त्यांना लिहायला काय झालं?"

मी चपलांचा खोका काढला. प्रोसेसरचं कार्ड शोधलं आणि क्रमांकापुढे, लाल शाईने, जिथे असायला हवं होतं तिथे ते अक्षर लिहिलं. मग एक कोरं कार्ड घेतलं.

'शेपूट. माझं मत बदललं आहे. पाहा: सोबतचं कार्ड.

नकाशे. ते कार्ड मी लिहिलं होतं. साहेबांनी विचारलं तेव्हाही मला माहीत होतं. तू माझ्यासाठी बोललास आणि मी गप्प बसलो.

कोश, खंड चार ते सहा. पाठवू नकोस. घेऊन ये. चहा आत्ताच झालेला नाही. कपाटात जागा आहे.'

शेवटचं वाक्य लिहिल्यावर लक्षात आलं की ते खोटं आहे. मग उठून कॅबिनेट खिंडारातून बाहेर ओढला आणि खिडकीपाशी ठेवला. तिथे त्याला वहिनींच्या समाधानासाठी अधूनमधून चालू करतो. जांभळा पंखा फिरतो. बायकोने फुलदाणी त्याच्यावर ठेवली आहे. तीन खंडांची जागा पुन्हा रिकामी झाली. मग परत येऊन ते वाक्य तपासलं. आता खरं होतं.

खाली सही केली. सहीपुढे त्याच्याच पद्धतीने एक बारीक अक्षर लिहिलं, 'धी'. धीर नाही. त्याला बरोबर कळलं असतं.

मग वाटलं, निदान आजच्यापुरतं तरी हे बरोबर नाही. म्हणून ते खोडलं. कोरं कार्ड घेऊन पुन्हा लिहावं का, असा विचार आला. खोक्यात कोरी कार्डं साठ तरी होती. पण खोडलेलं अक्षर खालून स्पष्ट दिसत होतं, आणि ते दिसलं तर शेपूटकर काय म्हणेल ते मला ऐकू आल्यासारखं झालं. त्याचा आवाज आठवला. जरा घोगरा होता.

दोन्ही कार्डं पाकिटात घातली, कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत चालत गेलो आणि पाकीट आत टाकलं. तळाशी पडल्याचा आवाज आला तरी खात्री म्हणून मी फटीत बोटं घालून पाहिली. सेक्रेटरी समोरून येत होते. "काका, त्या एवढ्या मोठ्या पत्राचं उत्तर का?"

"हो," मी म्हणालो. "टाकलं."